पत्रकावर छापणाऱ्याचं नाव लागतं, विकलेल्या बातमीवर का नाही?

मा. केंद्रीय विधी व न्यायमंत्री,
नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

मी अनेक वर्षं एका तालुक्याच्या गावाहून बातम्या पाठवल्या. २००९च्या विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि जिल्हा कार्यालयातून बोलावणं आलं. वाटलं, कोणी कुठली सभा करायची ते ठरेल. हातात पडला तो झेरॉक्स केलेला दरांचा कागद. पदयात्रेची फोटोसह बातमी इतके, मुलाखत इतके, मतदारसंघाचा आढावा इतके. पॅकेज न घेणाऱ्याचं नावही छापायचं नाही, हे मात्र तोंडी सांगितलं.

आमच्याकडे एक निवृत्त शिक्षक अपक्ष उभे होते. सभा आटोपली की सायकलवरून यायचे, वहीच्या पानावर लिहिलेली बातमी पुढे ठेवून म्हणायचे, "एवढं बघा जरा." मी ती खणात टाकायचो. दुसऱ्या एका उमेदवाराचा 'झंझावाती दौरा' आणि 'उत्स्फूर्त प्रतिसाद' मात्र त्याच्या कचेरीतून तयार होऊन यायचा आणि काना-मात्रा न बदलता छापला जायचा. निकालानंतर गुरुजींनी मला विचारलं, "माझं लिहिण्यात काही चुकत होतं का?" मला उत्तर देता आलं नाही.

त्याच निवडणुकीत तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्या कौतुकाचा एकच मजकूर स्पर्धक मराठी दैनिकांत वेगवेगळ्या वार्ताहरांच्या नावांनी आला होता. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते उघड केलं. वृत्तपत्रांतल्या जाहिरातींवर चव्हाणांनी दाखवलेला खर्च होता ५,३७९ रुपये. पैसे देऊन बातम्या छापून घेतल्याचे आरोप त्यांनी नाकारले. मे २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खर्चाच्या हिशेबाचा खरेखोटेपणा तपासण्याचा निवडणूक आयोगाचा अधिकार मान्य केला आणि सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्यावरची आयोगाची कारवाई रद्द केली. तो वाद मला उकरायचा नाही. पण ही सगळी वर्षं प्रश्न उमेदवाराच्या हिशेबाचाच राहिला, हे आपण ध्यानात घ्यावं. छापणारा त्यात कुठेच नाही.

आजही तसंच आहे. निवडणुकीच्या काळात बातम्यांवर लक्ष ठेवणारी जिल्ह्यातली माध्यम समिती कात्रणं काढते, नोटीस उमेदवाराला जाते, आणि तो म्हणतो, पत्रकाराने स्वतःहून लिहिलं. वृत्तपत्राचं प्रकरण वृत्तपत्रांवर देखरेख ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलकडे जातं. कौन्सिलच्या हातात समज देणं आणि निषेध नोंदवणं, यापलीकडे काही नाही.

आपल्याच लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७-अ पाहा. प्रचाराच्या साध्या पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांचं नाव-पत्ता नसेल, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पत्रक तर वाचणारा हातात घेतो तेव्हाच ओळखतो की हा प्रचार आहे. जो प्रचार बातमीचा वेष घेऊन सकाळी दारात येतो, त्याला या कायद्यात अजून गुन्हा म्हटलेलं नाही.

बाजू घेण्याला माझा विरोध नाही. टिळकांचा 'केसरी' तटस्थ नव्हता. अग्रलेखातून एखाद्या पक्षाला खुशाल पाठिंबा द्यावा, वाचक मान्य करेल किंवा पत्र लिहून भांडेल. विकलेल्या बातमीत त्याला भांडायला समोर कोणी नसतंच, कारण आपल्याला काही विकलं जातंय हेच त्याला ठाऊक नसतं.

प्रेस कौन्सिलने २०१० साली कायदा बदलण्याची शिफारस केली. विधी आयोगाने मार्च २०१५च्या २५५व्या अहवालात तेच सांगितलं. निवडणूक आयोगही मागणी करत आला आहे. आता नवी समिती नको. पैसे देऊन छापलेली बातमी याच कायद्याच्या कलम १२३मध्ये भ्रष्ट आचरण ठरवा आणि छापणाऱ्यासाठी शिक्षेचं स्वतंत्र कलम आणा. त्यात मालक आणि प्रकाशक यांना आधी धरा. तुटपुंज्या मानधनावरच्या वार्ताहराला पुढे करून वरच्यांना सुटता येऊ नये. मी स्वतः त्या साखळीतली खालची कडी होतो, आणि चौकशी झाली तर माझ्या खणातल्या कागदांबद्दल सांगायला तयार आहे.

असं विधेयक आपण कोणत्या अधिवेशनात मांडणार, ते कळवावं.

आपला,
एक माजी तालुका वार्ताहर