तंजावरला जाताय, तर तिरुवैयारूही करा

मा. संपादक, स.न.वि.वि.

आपल्या पर्यटन पुरवणीतल्या तंजावरवरील लेखात बृहदीश्वराच्या भिंतीवरचा १८०३ सालचा मराठी शिलालेख आहे, सरस्वती महाल ग्रंथालय आहे. पण जेमतेम १३ किलोमीटरवरचं तिरुवैयारू नाही. तंजावरचे दुसरे सरफोजीराजे भोसले गादीवर होते तेव्हा कर्नाटक संगीतातले थोर रचनाकार संत त्यागराज (१७६७-१८४७) तिथेच राहत होते. राजाचं दरबारी आमंत्रण नाकारून त्यांनी कल्याणी रागात ‘निधि चाल सुखमा’ (धनात सुख आहे का?) रचलं, असं परंपरा सांगते. आपल्या भोसल्यांना मिळालेला हा नकार लेखात यायलाच हवा होता!

जाणाऱ्यांची हमखास गल्लत होते ती नावाची. नकाशावर नुसतं ‘त्यागराज’ शोधलं, तर तिरुवारूरचं देऊळ पुढे येतं. ते शिवाचं, तिथल्या त्यागराजस्वामीवरून या रामभक्ताचं नाव ठेवलं गेलं. तिरुवारूर हे जन्मगाव, तंजावरच्या पूर्वेला साधारण ५५ किलोमीटर. कर्नाटक संगीतातले दुसरे दोन थोर रचनाकार श्यामा शास्त्री आणि मुत्तुस्वामी दीक्षितर यांचा जन्मही तिथलाच. समाधी मात्र उत्तरेला तिरुवैयारूत, कावेरीकाठी. अखेरीस संन्यास घेतल्यामुळे त्यांचं दहन झालं नाही, म्हणून समाधी आहे.

तिरुवैयारूला रेल्वे नाही. तंजावरहून बस किंवा रिक्षा करावी. सकाळी लवकर निघून आधी अय्यारप्पर मंदिर, मग तिरुमंजन वीथीतली त्यागराजांच्या घराची जागा आणि शेवटी समाधी, असा क्रम ठेवावा. दुपारी साडेबारा ते चार तिकडची बहुतेक देवळं बंद असतात आणि उशिरा निघणारे नेमके तिथेच अडकतात. तो वेळ तिरुवारूरच्या प्रवासात घालवावा. संध्याकाळची पूजा मिळते. तिरुवैयारूहून निघण्यापूर्वी मुगाच्या डाळीचा अशोका हलवा घ्यायला हरकत नाही.

समाधीवरचं मंदिर बंगळूर नागरत्नम्मांनी स्वतःची मालमत्ता विकून बांधलं. त्यागराजांच्या पुण्यतिथीच्या संगीतोत्सवात, म्हणजे आराधनेत, बायकांना गायला मज्जाव होता, तेव्हा या देवदासी गायिकेने स्त्रियांची वेगळी आराधना भरवली. त्यांचं स्मारक समाधीजवळच आहे. घाईत चुकवू नये.

आराधना पौष वद्य पंचमीला, म्हणजे बहुधा जानेवारीत. तारीख आपल्या कालनिर्णयातही सापडेल. नाट, गौळ, आरभी, वराळी, श्री या क्रमाने त्यागराजांच्या पाचही पंचरत्न कृती (एकेका रागातली एकेक रचना) शेकडो गायक एकत्र गातात. चारच पाठ करून जाणाऱ्यांची वराळीला पंचाईत होते. गुरूने हा राग शिष्याला समोर बसवून शिकवला की दोघांत बिनसतं, अशी समजूत असल्यामुळे ती कृती बऱ्याच जणांची कच्चीच राहते. ‘कन कन रुचिरा’ ही वराळीतली कृती ध्वनिमुद्रणावरून बसवून जावं. नुसती जागा शांतपणे पाहायची असेल, तर मात्र तो आठवडा टाळावा.

कावेरीला पाणी हवं असेल तर जानेवारी संपायच्या आत जा. मेट्टूर धरणाचं पाणी प्रथेप्रमाणे २८ जानेवारीला बंद होतं. त्यानंतर घाटावरून बहुतेक वाळूच दिसते.

– एक वाचक, पुणे