डबीतली चांदी कोणासाठी? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

सौंदर्यप्रसाधनांची जंतुतपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत मी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ म्हणून काम करते. क्रीम, लोशन, डिओडरंट, फेसवॉश रोज हाताखालून जातात आणि त्यांत चांदी घातलेले नमुने आता नवलाचे राहिलेले नाहीत. वेष्टनावर कुठे ‘कोलॉइडल सिल्व्हर’ (द्रवात तरंगणारे चांदीचे अतिसूक्ष्म कण) असते, कुठे ‘मायक्रोसिल्व्हर’, आणि जवळजवळ हटकून ‘९९.९ टक्के जंतूंचा नाश’. माझी तक्रार चांदीविरुद्ध नाही. डबीतली चांदी नेमके कोणते काम करते हे विकत घेणाऱ्याला कळू दिले जात नाही, ही तक्रार आहे, आणि ती दूर करणे आपल्या हातात आहे.

चांदीची ताकद खरी आहे, हे आधी स्वच्छ सांगते. धातू म्हणून ती बऱ्यापैकी स्वस्थ असते. ओलावा आणि ऑक्सिजन मिळाला की तिच्यातून आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, सुटतात आणि खरे काम हे आयन करतात. जिवाणूच्या प्रथिनांतल्या गंधकाला ते घट्ट धरतात. मग त्याची श्वसनाची एन्झाइम्स बंद पडतात, पेशीभोवतीचे पटल गळू लागते, डीएनएची प्रत निघणे अडते. एकाच वेळी इतक्या ठिकाणी घाव बसतो, म्हणून अगदी थोडी मात्राही पुरते. १८८० च्या सुमारास लाइपझिगमध्ये कार्ल क्रेडे यांनी नवजात बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब घालायला सुरुवात केली आणि जन्मावेळी होणाऱ्या गोनोरियाच्या संसर्गातून असंख्य मुलांची दृष्टी वाचली. १९६८ मध्ये चार्ल्स फॉक्स यांनी सिल्व्हर सल्फाडायझिन हे चांदीचे औषध आणले. त्याचे १ टक्का मलम पुढे कित्येक दशके जळीत रुग्णांच्या कक्षात रोजच्या वापरात राहिले.

प्रसाधनातली चांदी मात्र बहुतेक वेळा वेगळ्याच कामावर असते. क्रीममध्ये पाणी असते, आपण रोज त्यात बोट घालतो, आणि जंतूंना तेवढे निमित्त पुरते. म्हणून परिरक्षक, म्हणजे क्रीम खराब होऊ न देणारा घटक, लागतो. पॅराबेन या नेहमीच्या परिरक्षकांचे नाव बदनाम झाल्यावर काही उत्पादक चांदीच्या क्षारांकडे वळले. त्यात काही गैर नाही. युरोपीय संघाच्या परिरक्षकांच्या यादीत सिल्व्हर सिट्रेट आहे. त्यातून येणाऱ्या चांदीची मर्यादा ०.००२४ टक्के. टायटॅनियम डायऑक्साइडवर बसवलेले सिल्व्हर क्लोराइडही आहे, मर्यादा ०.००४ टक्के, आणि ते तीन वर्षांखालील मुलांच्या प्रसाधनांत, डोळ्यांभोवती किंवा ओठांवर चालत नाही. हिशेब करून पाहा: ५० ग्रॅमच्या डबीत सिट्रेटमधली चांदी जास्तीत जास्त १.२ मिलिग्रॅम. ती डबी राखायला घातलेली आहे. जाहिरातीत मात्र तीच चांदी चेहऱ्याची राखण करू लागते.

हा फरक आमच्या टेबलावर फार स्पष्ट दिसतो. परिरक्षकाच्या चाचणीत आम्ही क्रीममध्ये मुद्दाम जंतू मिसळतो: स्टॅफिलोकॉकस ऑरियस, स्यूडोमोनास, ई. कोलाय, कँडिडा ही यीस्ट आणि अ‍ॅस्परजिलस ही काळी बुरशी. मग ७, १४ आणि २८ दिवसांनी थोडे थोडे क्रीम काढून जंतू वाढवायच्या बशीवर पसरतो आणि उगवलेल्या वसाहती, म्हणजे जंतूंचे ठिपके, मोजतो. चांदीच्या नमुन्यात एक पायरी चुकवून चालत नाही. क्रीम बशीवर घेण्याआधी त्यात थायोसल्फेट किंवा थायोग्लायकोलेट असलेले द्रावण मिसळावे लागते. या रसायनांतले गंधक चांदीला पकडून ठेवते. ते घातले नाही, तर चांदी बशीवरही जंतूंना वाढू देत नाही, वसाहती कमी दिसतात आणि निकाल खोटा चांगला येतो.

आता माणसाची त्वचा डोळ्यांसमोर आणा. तिच्या वरच्या थरातले केराटिन हे प्रथिन गंधकाने भरलेले आहे. घामात क्लोराइड आहे, आणि चांदीचा आयन क्लोराइडला भेटला की जवळपास न विरघळणारे सिल्व्हर क्लोराइड बनते. म्हणजे चांदीला थोपवण्यासाठी आम्ही प्रयोगशाळेत जे काम बाटलीतून करून घेतो, तेच काम त्वचा स्वतः करत असते. चांदी त्वचेवर पूर्ण निकामी होते असे मी म्हणत नाही. काखेत घामाचे घटक फोडून वास निर्माण करणाऱ्या जिवाणूंवर तिचा परिणाम होऊ शकतो आणि डिओडरंटमध्ये तिचा वापर मला समजतो. पण काचेच्या नळीत, साध्या द्रावणात मिळालेला ९९.९ चा आकडा गालावर लागू पडतो असे गृहीत धरणे हे विज्ञान नव्हे. जखमांच्या बाबतीतसुद्धा चित्र इतके सोपे नाही. चांदीयुक्त मलमे आणि ड्रेसिंग्जमुळे जखमेचा संसर्ग टळतो हे सिद्ध करायला पुरेसा पुरावा नाही, असा निष्कर्ष वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१० च्या आढाव्याने काढला होता. जखमेवर जिथे एवढी सावधगिरी, तिथे मुरुमांच्या क्रीमवर इतकी खात्री कुठून येते?

आणि त्वचेवरचे सगळेच जंतू मारायचे कशासाठी? स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिससारखे रहिवासी जिवाणू अशी द्रव्ये तयार करतात, की त्यांनी उपद्रवी ऑरियसला आळा बसतो. वेष्टनावरचे ‘जंतू’ या दोघांत भेद करत नाहीत.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती फाटलेल्या, खाजणाऱ्या, सोललेल्या त्वचेची. ‘चांदीचे क्रीम’ बहुतेकदा त्याच माणसांना विकले जाते. एका आईने मुलाच्या एक्झिमासाठी असे क्रीम आणले होते आणि मला विचारले, “हे दिवसातून कितीदा लावू?” मी डबी हातात घेऊन शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. चांदीचे नाव होते. ती कोणत्या रूपात आहे, किती आहे, कशासाठी घातली आहे, याचा एक शब्द नव्हता. तिला उत्तर देण्याजोगे माझ्याजवळ काही नव्हते, कारण उत्तर डबीवरच नव्हते. अखंड त्वचेतून नॅनोचांदी, म्हणजे अतिसूक्ष्म कणांच्या रूपातली चांदी, फारच थोडी आत जाते. पण २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मानवी त्वचेच्या तुकड्यांवरच्या एका प्रयोगात ओरखडलेल्या त्वचेतून ती साधारण पाचपट गेली. प्रमाण तेव्हाही अत्यल्पच होते, घाबरवण्यासाठी मी हे लिहीत नाही. पण रोज, महिनोन्‌महिने, लहान मुलाच्या सोललेल्या कोपरांवर काय लावले जात आहे हे आईला कळायलाच हवे.

चांदी शरीरात साठत गेली की त्वचा कायमची निळसर-करडी होते. याला आर्जिरिया म्हणतात आणि तो रंग पुन्हा मूळपदावर येत नाही. हे मुख्यतः चांदीची द्रावणे पिणाऱ्यांमध्ये दिसते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ मध्येच जाहीर केले, की चिठ्ठीशिवाय विकली जाणारी कोलॉइडल सिल्व्हरची औषधे सुरक्षित व परिणामकारक मानता येत नाहीत. युरोपीय संघात जुलै २०१३ पासून प्रसाधनातल्या नॅनो घटकापुढे ‘नॅनो’ लिहावे लागते. प्रसाधनांतल्या नॅनोरूपातल्या कोलॉइडल सिल्व्हरबद्दल तिथल्या वैज्ञानिक समितीने २०१८ मध्ये सांगितले, की सुरक्षिततेचा निर्वाळा देण्याइतकी माहितीच पुरवली गेलेली नाही. २०२४ मध्ये ते प्रसाधनांत वापरायला बंदी आली. नुकसान सिद्ध होईपर्यंत थांबायचे नाही, सुरक्षितता दाखवण्याची जबाबदारी विकणाऱ्याची, हे तत्त्व मला योग्य वाटते.

एक गोष्ट मात्र आपल्या खात्याच्या कामाशी थेट जोडलेली आहे. १९७५ मध्ये बॉस्टनमधल्या जळीत कक्षातून चांदीला न जुमानणाऱ्या साल्मोनेला या जिवाणूची नोंद झाली. पुढे त्याची जनुके सापडली. ती प्लाझ्मिडवर, म्हणजे एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणाऱ्या डीएनएच्या तुकड्यावर होती, आणि पेशीत शिरलेली चांदी बाहेर फेकणारा पंप ती घडवत होती. त्याच प्लाझ्मिडवर प्रतिजैविकांना दाद न देणारी जनुकेही होती. असे जिवाणू आज सर्रास आढळतात असे नाही, आणि ते सर्रास आढळू नयेत यासाठीच आत्ता बोलायला हवे. जळलेल्या माणसाजवळ पर्याय थोडे असतात. चेहरा टवटवीत दिसावा म्हणून चांदी सर्रास वापरून आपण त्यातला एक बोथट करून बसू नये.

म्हणून माझे मागणे नेमके आहे. ज्या प्रसाधनात चांदी आहे त्याच्या वेष्टनावर तिचे रूप (क्षार, सूक्ष्म कण की नॅनो), तिचे प्रमाण आणि तिचा हेतू, तिन्ही वाचता येईल अशा अक्षरांत असावे. हेतू डबी टिकवणे हा असेल तर समोरच्या बाजूला त्वचेच्या जंतूंचा उल्लेखही करता येऊ नये. त्वचेवरच्या परिणामाचा दावा करायचा असेल तर पुरावा माणसाच्या त्वचेवरचा असावा आणि चाचणीत चांदी थोपवण्याची पायरी केली होती की नाही हे कागदोपत्री दाखवावे. आपल्या तपासनिसांनी सगळ्यात आधी तेच मागावे. मुरूम, एक्झिमा, बुरशी यांची नावे घेतली की ते उत्पादन औषधाच्या नियमांखाली जावे. लहान मुलांसाठीच्या आणि फुटलेल्या त्वचेसाठीच्या प्रसाधनांत नॅनोचांदीला, सुरक्षिततेची माहिती समोर येईपर्यंत, परवानगी नसावी.

चाचणीच्या पद्धतीबद्दल आपल्या अधिकाऱ्यांना काही समजून घ्यायचे असेल तर आमच्या टेबलापाशी त्यांचे स्वागत आहे. गंधकाच्या द्रावणासह आणि त्याशिवाय, एकाच क्रीमच्या दोन बशा मी त्यांच्यासमोर लावून दाखवीन.

कळावे,
आपली नम्र,
प्रयोगशाळेतली एक सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ