आधी विचारा, मग घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ज्याने हयातीत लेखी नकार नोंदवलेला नाही, त्याची अवयवदानाला संमती आहे असं धरणारा कायदा भारतातही करावा, अशी मागणी गेल्या आठवड्यात आपल्या एका वाचकाने केली. पत्र तळमळीने लिहिलेलं होतं. डाव्या हातात डायलिसिसच्या दोन सुया आणि उजव्या हातात पेपर, असं मी ते दोनदा वाचलं. मला मूत्रपिंड हवं आहे. पुण्याच्या विभागीय यादीत नाव लागून तीन वर्षं झाली. बायको द्यायला तयार होती, पण तपासणीत तिलाच साखर निघाली. म्हणजे असा कायदा झाला तर फायदा माझ्यासारख्यांचाच. तरी माझा त्याला विरोध आहे.

मी तीस वर्षं यंत्रमागावर काढली, शेवटची बारा जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारा, म्हणून. घरी तेलुगू, गल्लीत कन्नड, शाळा मराठी. आम्माने जन्मभर विड्या वळल्या. तिची सही म्हणजे अंगठा. काही वर्षांपूर्वी ती मोरीत पडली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशनच्या आदल्या रात्री एक मुलगा शाईचा पॅड आणि कागद घेऊन कॉटपाशी आला. पानं कातरून, विड्या वळून आम्माच्या अंगठ्याच्या रेघाच झिजलेल्या, ठसा उठेना. त्याने तिचा अंगठा धरून दाबला, परत दाबला. असे तीन कागद. आम्माने मला तेलुगूत विचारलं, काय लिहिलंय रे? मी म्हटलं, ऑपरेशनचं आहे. मी वाचलं नव्हतं. तिने पदराला शाई पुसली. तिसऱ्या कागदावर काय होतं ते मला आजही ठाऊक नाही.

उद्या सरकारने सांगितलं की नको असेल तर नकार नोंदवा, तर तो कोण नोंदवेल? ज्याला कायदा कळला, ज्याच्याकडे मोबाईल आहे, ज्याला कचेरीत बोलता येतं, तो. कुंभारीच्या विडी घरकुलात हजार विड्या पुऱ्या करायच्या घाईत बसलेल्या बाईपर्यंत ही बातमी जाणारच नाही, आणि तिचं गप्प राहणं होकारात मोजलं जाईल. दान हा शब्द आपण फार जपून वापरतो. जे द्यायचं की नाही हे देणाऱ्याला ठाऊकच नव्हतं, त्याला दान कसं म्हणायचं? ते माझ्या अंगात बसवलं तर मी जगेनही, पण आम्माचा तो निळा अंगठा माझ्या डोळ्यांपुढून जायचा नाही.

स्पेनचा दाखला त्या पत्रात होता. तिथे १९७९ पासून असा कायदा आहे हे खरं, पण तिथले डॉक्टर आजही घरच्यांना विचारतात आणि घरच्यांनी नाही म्हटलं तर अवयव घेत नाहीत. तिथली दानं वाढली ती १९८९ मध्ये अवयवदानाची राष्ट्रीय संस्था उभी राहिल्यावर, रुग्णालयारुग्णालयांत घरच्यांशी बोलणारे प्रशिक्षित समन्वयक नेमल्यावर. ब्राझीलने १९९७ मध्ये गृहीत संमतीचा कायदा आणला. लोक बिथरले, आणि पुढच्याच वर्षी तो मागे घ्यावा लागला. आपल्याकडे तर किडनी चोरीच्या गोष्टी चहाच्या टपरीवरही चालतात. एकदा विश्वास उडाला की मनापासून देणाराही हात आखडता घेईल.

आपल्या कायद्यात काय आहे तेही बघू या. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने मेंदूमृत्यू, म्हणजे मेंदू कायमचा बंद पडला की तो मृत्यूच, हे मान्य केलं. चार डॉक्टरांचं मंडळ तपासतं, किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा. २०११ च्या दुरुस्तीने अतिदक्षता विभागात नातेवाइकांना अवयवदानाबद्दल विचारणं हे डॉक्टरांचं कर्तव्य केलं, नोंदणीकृत रुग्णालयात समन्वयक सक्तीचा केला. म्हणजे विचारायचं हे कायद्यातच आहे. प्रश्न आहे तो कोण, कधी आणि कोणत्या भाषेत विचारतो याचा. व्हेंटिलेटरवर छाती वरखाली होतेय, हात गरम आहे, आणि समोरचा म्हणतो माणूस गेला. हे मराठीत समजवतानाच जीभ अडखळते. ज्या बाईला फक्त तेलुगू, कन्नड किंवा उर्दू कळतं, तिला व्हरांड्यात उभ्या उभ्या कसं समजणार? सोलापुरात अतिदक्षता विभाग असलेल्या प्रत्येक रुग्णालयात या भाषा बोलणारा, शांतपणे शेजारी बसणारा माणूस हवा. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेला गड्ड्यावर अख्खं घर एकत्र येतं. तिथे एक मांडव टाकून लोकांना विचारलं, त्यांचे प्रश्न ऐकले, तरी कितीतरी काम होईल.

कारण लोकांना प्रश्न असतात. माझे डोळे द्यायचे असं मी घरी सांगितलं, तेव्हा बायको काही न बोलता ताटं घेऊन उठली. भांडी घासून झाल्यावर आली आणि म्हणाली, माणूस घरी आणतात का मग? आणतात, नीट आणतात, डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात म्हणून फक्त लगेच कळवायचं असतं, हे सांगितल्यावर तिचा दुसरा प्रश्न, पैसे पडतात का? नाही पडत. तेव्हा कुठे ती बसली. हे मी तिला सांगायला इतकी वर्षं का घालवली, याचं वाईट वाटतं.

थांबणाऱ्यांचं दुःख मला कुणी सांगायला नको. दिवसाला एक लिटर पाणी, तेही जेवणातलं धरून. सोलापूरच्या मे महिन्यात बर्फाचा खडा जिभेवर ठेवून दुपार काढायची. माझ्या शेजारच्या कॉटवर एक तरुण मुलगी यायची, डी.एड. झालेली. चार तास दोघं एकाच पंख्याखाली. एका गुरुवारी ती आली नाही, शनिवारी त्या कॉटवर दुसरं नाव होतं. म्हणून दानं वाढावीत असं मला त्या पत्रलेखकाइतकंच वाटतं.

थोरल्या मुलाने लायसन्स काढलं, तेव्हा फॉर्म एजंटाने भरला. अपघाती मृत्यू झाल्यास अवयव देणार का, असा रकाना त्यात असतो हे त्याला मी परवा सांगेपर्यंत माहीत नव्हतं. त्याच्या वतीने तिथे काय लिहिलं गेलं, देव जाणे. धाकटा पुढच्या महिन्यात जाणार आहे. त्याला सांगितलंय, फॉर्म स्वतः भर, त्या रकान्यापाशी थांब, आणि काय लिहायचं ते तुझं तू ठरव. त्याने काय ठरवलं, हे मी अजून विचारलेलं नाही.

आपला,
एक यंत्रमाग कामगार,
साखर पेठ, सोलापूर