काकाजी, तुमच्या वहीतले आम्ही

आदरणीय काकाजी,

सादर नमस्कार.

हे पत्र माझ्या एकट्याचं नाही. तुम्ही सांभाळता त्या समाजाच्या शिक्षण कर्जनिधीतून शिकलेले आम्ही काही जण परवा गोळीबार चौकात भेटलो. तर्री-पोहे खाताना तुमचाच विषय निघाला आणि लिहायचं काम माझ्याकडे आलं.

2011 सालची मारबतीची संध्याकाळ तुम्हाला आठवते का? पोळ्यानंतरची ती काळ्या-पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक पाहायला सगळी इतवारी रस्त्यावर उतरली होती आणि मला दुसऱ्या दिवशी कॉलेजात फी भरायची होती. नाही भरली तर सीट जाणार. बँकेत तीन हेलपाटे झाले होते. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही, हे बाबांना कुठून माहीत असणार? घराचे कागद आणा म्हणाले. घर आजोबांच्या नावावर, आजोबा वारलेले, वाटणी झालेली नाही. आधी हातमागावर आणि तो बंद पडल्यावर पॉवरलूमवर आयुष्य काढलेल्या माझ्या बाबांनी त्या टेबलासमोर मान खाली घातली, ती मी विसरलेलो नाही.

तुम्हीही कागद मागितलेच. गुणपत्रिका, प्रवेशाची पावती, दोन जामीनदार. एक मामा झाले, दुसरा मिळेना. मग तुम्ही फोन लावला आणि मेडिकल हॉस्पिटलमध्ये नर्स असलेल्या एक ताई ड्यूटी संपवून, त्या गर्दीतून वाट काढत समाजभवनात आल्या. मला त्या ओळखतही नव्हत्या. ‘मीही इथूनच शिकले,’ एवढंच म्हणाल्या आणि सही केली. आमच्यातल्या प्रत्येकाकडे अशा एका सहीची गोष्ट आहे.

चेक तुम्ही कॉलेजच्या नावानं लिहिलात. तेव्हा मला ते थोडं लागलं होतं. पण घरात आजीचं औषध होतं, किराण्याची उधारी होती. रोख हातात आली असती तर तिला पाय फुटले असते.

बँकेच्या कर्जावर शिकत असतानाच व्याज चढायला लागतं. तुमच्याकडे व्याज नाही, नोकरी लागल्यावर हप्ता. माझा तिसरा हप्ता बाबांच्या ऑपरेशनमुळे थांबला तेव्हा म्हणालात, ‘आधी बाबांना बघ, वही कुठे पळत नाही.’ आणि दोन महिन्यांनी स्वतःच फोन केलात, ‘तुझ्या हप्त्यावर एका पोरीची फी अडली आहे.’ काकाजी, त्या दुसऱ्या फोनसाठी तुमचे जास्त आभार. त्या फोनमुळे मी कुणाच्या दयेवर शिकलो, असं मला कधी वाटलं नाही. बाबाही समाजाच्या कार्यक्रमात पहिल्यासारखेच पुढच्या रांगेत बसत राहिले.

दर रविवारी हिशेबाला बसणारी समिती, आम्हा सगळ्यांना चहा पाजणाऱ्या काकू, तेरवीचं जेवण साधं करून उरलेली रक्कम निधीत देणारी घरं, सगळ्यांचे आम्ही ऋणी आहोत. ती नावं तुमच्या वहीत आहेत. आम्हाला त्यातली सगळी माहीतही नाहीत.

येत्या रविवारी सकाळी दहाला मी समाजभवनात येतो आहे. पॉलिटेक्निकला लागलेल्या एका मुलीला दुसरा जामीनदार मिळत नाही, असं कळलं. मी तिला ओळखत नाही. आधार कार्ड आणि पगाराची स्लिप सोबत आणतो. आणखी काही लागत असेल तर कळवा.

आपले नम्र,
कर्जनिधीतून शिकलेले आम्ही सगळे,
नागपूर