दादा, पाणी पिणं बंद करू नकोस

मस्कत

प्रिय दादास, साष्टांग नमस्कार.

काल वहिनीचा फोन आला. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर लघवीची नळी काढल्यापासून सारखी लघवी गळतेय म्हणून तू पाणी पिणंच कमी केलंयस, देवळात भजनालाही जात नाहीस म्हणाली, ऐकून जीव कासावीस झाला. माझंही हेच ऑपरेशन गेल्या वर्षी इथे झालं म्हणून सगळं लिहूनच पाठवतो, फोनवर बाजूला कोणी असलं की तू बोलत नाहीस.

बघ, लघवी अडवायला दोन झडपा असतात. आतली प्रोस्टेटला, म्हणजे मूत्राशयाखालच्या त्या ग्रंथीला लागून, ऑपरेशनमध्ये तिचं काम बहुतेक जातं. मग सगळा भार बाहेरच्या झडपेवर आणि खालच्या स्नायूंवर येतो, त्यांना ताकद यायला वेळ लागणारच. बहुतेकांना ३ महिने ते वर्षभरात चांगला फरक पडतो. संध्याकाळी स्नायू दमतात तेव्हा जास्त गळतं, त्याने घाबरू नकोस.

व्यायाम असा, चारचौघांत वारा अडवतो ना, तसं आत वर ओढायचं, ५ सेकंद धरायचं, तेवढंच सैल सोडायचं, असं १० वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखायचा नाही, पोट मांड्या ताठ करायच्या नाहीत, आणि लघवी करताना धार तोडत बसायचं नाही. खोकला आला किंवा खुर्चीतून उठायचंय तर आधी आवळायचं मग उठायचं, मला सगळ्यात जास्त फायदा याचाच झाला.

पाणी मात्र पी रे. कमी प्यायलं की लघवी दाट होते, मूत्राशय चिडतं, वर बद्धकोष्ठ. कमी करायचाच तर चहा कमी कर. आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत आंब्याच्या पेट्या उचलायच्या नाहीत, शिमग्यात पालखीला खांदा द्यायचा नाही, नुसतं दर्शन घे, देव रागावणार नाही.

भजनाला जाच. पॅड लाव, एक जादा पिशवीत ठेव, मध्येच उठावं लागलं तर ऊठ. गुहागरात तुझ्यासारखी पेटी वाजवणारा दुसरा कोण आहे, आणि आजारपण म्हणजे काही लपवून ठेवायचं पाप नाहीये.

ताप, जळजळ किंवा लघवी अडकली तर त्याच दिवशी चिपळूणला डॉक्टरांकडे जा. पीएसएची, म्हणजे प्रोस्टेटसाठीची रक्ताची तपासणी चुकवू नकोस. वर्षानंतरही गळत राहिलं तरी आधाराची पट्टी किंवा कृत्रिम झडप बसवता येते, पण ते नंतरचं.

शुक्रवारी मला सुट्टी असते, सकाळी व्हिडिओ कॉल करतो, व्यायाम दोघं मिळून करू.

तुझा धाकटा भाऊ