रविवारी काळीच्या खाडीवर गळ

मंडळी, येत्या रविवारी कारवारला, सदाशिवगडाजवळ काळी नदीच्या खाडीवर जायचं ठरलंय. पहाटे 4 ला खानापूर स्टँडसमोर जमायचं, अणशी घाटातून जाणार. उशीर करणाऱ्यासाठी गाडी थांबणार नाही.

– ऑगस्ट 2024 मध्ये कोसळलेल्या जुन्या पुलाच्या बाजूला गळ टाकू नये.
– मोठा जिताडा लागला तर फोटो काढून सोडून द्या. हा मासा आधी नर असतो, वाढल्यावर मादी होतो. म्हणजे मोठा जिताडा बहुधा अंड्यांची मादीच. मोठा मासा सोडायचा की नाही, हा गेल्या खेपेचा वाद पुन्हा नको!
– वर कद्रा धरण आहे. पाणी सोडलं की ओढ वाढते, म्हणून गुडघ्याच्या वर उतरायचं नाही.

हिडकल धरणावर चालणारा गळाचा बारीक दोर इथं टिकत नाही, जाड आणा. नावं शुक्रवारपर्यंत कळवा. भाकरी आपापली.