शिफारसपत्र साहेबांचं की सरांचं?

महोदय,

दिवाळीची सुट्टी संपली की आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये माजी विद्यार्थी दिसू लागतात. कुणी पुण्याहून रजा टाकून आलेलं असतं, कुणाचे वडीलच फाइल घेऊन बाकावर बसलेले असतात. ‘मॅडम, एलओआरचं, म्हणजे शिफारसपत्राचं काम होतं. मॅटर तयार आहे, फक्त लेटरहेडवर घेऊन सही-शिक्का पाहिजे.’ अमेरिकेतल्या पुष्कळ विद्यापीठांत एम.एस.च्या अर्जाची मुदत १५ डिसेंबरच्या आसपास संपते आणि बहुतेक ठिकाणी तीन शिफारसपत्रं लागतात, म्हणून ही धावपळ.

मॅटर परदेशी प्रवेशाचं काम बघणाऱ्या कन्सल्टन्सीकडून आलेलं असतं. हल्ली तर मोबाइलवरच तयार होतं. मुलगा मेहनती, जिज्ञासू, नेतृत्वगुण असलेला, सगळ्यांना सांभाळून घेणारा. अर्ज मुलीचा असला तरी दुसऱ्या परिच्छेदात तिचा ‘तो’ झालेला असतो, कारण आधीच्या गिऱ्हाइकाचा मजकूर तसाच राहून गेलेला असतो. मी कधी शिकवलाच नाही अशा विषयात ती माझी सर्वोत्तम विद्यार्थिनी असते. अशा कागदावर मी सही करत नाही, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. मुलं हसतात, ‘बरं मॅडम’ म्हणतात आणि शेजारच्या केबिनमधून शिक्का मारून घेऊन जातात.

पण याबद्दल बरंच बोलून झालं आहे. माझी तक्रार वेगळी आहे, आणि ती पत्र कुणाकडून घ्यायचं याबद्दल आहे. मुलांच्या आणि त्यांच्याहून जास्त पालकांच्या डोक्यात पक्कं बसलंय की सगळ्यात वजनदार पत्र प्राचार्यांचं, त्याखालोखाल एचओडींचं, म्हणजे विभागप्रमुखांचं, मग नावामागे ‘डॉ.’ असलेल्या कुणाचंही. प्रत्यक्षात ऑनलाइन फॉर्म उघडला की पत्र लिहिणाऱ्याला आधी विचारतात, या विद्यार्थ्याला किती काळ ओळखता आणि कशामुळे ओळखता? पुष्कळ फॉर्मांत पुढे एक तक्ताही असतो: विषयाची जाण, लेखन, स्वतंत्रपणे काम करण्याची कुवत, वरच्या पाच टक्क्यांत की दहा टक्क्यांत? ‘सांगता येत नाही’ असाही एक रकाना असतो. प्राचार्यांनी खरं लिहायचं ठरवलं तर हा एकच रकाना भरून त्यांना उठावं लागेल.

एक उदाहरण देते. तासगावकडचा मुलगा, घरची द्राक्षबाग. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणजे बेदाणा शेडमधलं तापमान आणि आर्द्रता मोजणारं छोटं यंत्र. ऐन हंगामात सेन्सर एकामागून एक भलतीच रीडिंग द्यायला लागले. ग्रुपमधले बाकीचे ‘नवीन मागवू’ म्हणून मोकळे झाले. यानं जुने उघडले. आतल्या तांब्याच्या जोडण्या काळ्या पडल्या होत्या. बेदाण्याला गंधकाची धुरी देतात, तिचा तो प्रताप. मग यानं सेन्सरची जागा हलवली, जोडण्यांवर लेप दिला आणि रोजची रीडिंग वडिलांच्या फवारणीच्या वहीत मागच्या पानापासून लिहीत आला. संध्याकाळी उशिरापर्यंत प्रयोगशाळा उघडी ठेवून हे सगळं ज्यांनी पाहिलं, ते तासिका तत्त्वावरचे एक तरुण सर होते. पत्र मात्र ज्या साहेबांकडून घेतलं, त्यांना मुलाचं आडनाव फाइल बघूनच सांगता आलं असतं. पत्रात ना बेदाणा, ना गंधक, ना ती वही. ‘हुशार, होतकरू आणि शिस्तप्रिय’ एवढं होतं.

त्याचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. त्या सरांना लेटरहेड मिळत नाही. कॉलेजचा ईमेल कायम प्राध्यापकांपुरता. जीमेलवरून आलेल्या पत्राकडे परदेशी विद्यापीठं संशयानं बघतात, आणि का बघू नये? सरांच्या नावानं खातं काढून स्वतःच पत्र धाडणारे महाभाग आपल्याकडे आहेत. त्यात सत्र संपलं की तासिकेवरच्या सरांचं नाव वेबसाइटवरूनही उडतं. म्हणजे ज्याला माहीत आहे त्याला लिहायची सोय नाही, आणि ज्याची सोय आहे त्याला काही माहीत नाही.

१९०६ साली सावरकर लंडनला गेले ते तिथले भारतीय क्रांतिकारक श्यामजी कृष्ण वर्मा यांच्या शिष्यवृत्तीवर. त्यासाठी टिळकांनी श्यामजींना लिहिलं, त्यात विशेषणांची खैरात नव्हती. हा तरुण स्वदेशीपायी फर्ग्युसनच्या चालकांची नाराजी ओढवून बसला आहे आणि सरकारी नोकरी करायचा त्याचा विचार नाही, असा त्याचा मतलब होता. आजचा कन्सल्टंट कॉलेजच्या नाराजीचं वाक्य आधी खोडेल. श्यामजींना नेमकं तेच कामाचं होतं!

आणखी एक गंमत. अमेरिकी फॉर्मवर, ‘हे पत्र वाचण्याचा हक्क सोडता का?’ असं मुलाला विचारतात. तिथल्या १९७४ च्या कायद्यानं प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला आपल्या फायलीतले कागद पाहता येतात. हक्क सोडला की पत्र गोपनीय राहतं आणि त्याचं वजन वाढतं. आमची मुलं इमानदारीत ‘सोडतो’वर टिक करतात. पत्र त्यांच्याच पेनड्राइव्हमध्ये असतं.

आम्हा शिक्षकांपैकी अनेकांना इंग्रजीत पानभर लिहायचं जिवावर येतं, हे खरं कारण स्टाफरूममध्ये कुणी बोलत नाही. पण मोडक्या इंग्रजीत लिहिलेली गंधकाची हकीकतही वाचणारा लक्षात ठेवेल. व्याकरण तपासून द्यायला कुणीही मिळतं.

मुलांनी महिनाभर आधी यावं. गुणपत्रक, प्रोजेक्ट रिपोर्ट आणि विद्यापीठांच्या तारखा एका कागदावर आणाव्यात, मध्ये एकदा आठवण करायला लाजू नये. एखादे सर ‘माझी तुझी तेवढी ओळख नाही’ म्हणाले तर तोंड पाडू नये. त्यांनी तुमचं भलंच केलं.

संस्थाचालकांकडे मागणं एवढंच. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना कॉलेजचा ईमेल द्या आणि ते सोडून गेल्यावरही दोन-तीन वर्षं चालू ठेवा, कारण मुलं बऱ्याचदा नोकरी करून मग अर्ज करतात. त्यांच्या पत्राला लेटरहेड द्या. एचओडींची सही हवीच असेल, तर ती खाली प्रतिस्वाक्षरी म्हणून घ्यावी.

– एक प्राध्यापिका, मिरज